व्हेनिस, सहा जण, एक मुक्काम: बोटीचा पास, राहायची जागा आणि गोंडोला

म्युनिककर_६
ऑक्टोबरच्या मध्यात म्युनिकहून सहा मित्र शुक्रवारी रात्रीच्या ट्रेनने निघून शनिवारी सकाळी व्हेनिसला उतरणार. परतीची गाडी रविवारी रात्रीची. सगळे पंचविशीतले विद्यार्थी, भारतीय पासपोर्टवाले. दोघे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मुक्काम मेस्त्रेत (व्हेनिसच्या मुख्य भूमीवरच्या भागात) करावा की बेटावर? बोटीचा पास किती तासांचा घ्यावा? गोंडोला परवडेल का? आणि त्या दिवसांत पाणी भरतं म्हणतात, त्याचं काय?

सान_पोलो
पासचा हिशेब आधी. वापोरेत्तोचं (कालव्यांतल्या सार्वजनिक बोटीचं) सुटं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. २४ तासांचा पास २५ युरो, ४८ तासांचा ३५. म्हणजे तीन फेऱ्या झाल्या की २४ तासांचा पास वसूल. तास पहिल्यांदा मशीनला टेकवल्यापासून मोजतात, तारखेवरून नाही. तुमचा सगळा फायदा यातच आहे.

शनिवारी सकाळी पास सुरूच करू नका. सामान मुक्कामी किंवा स्टेशनवरच्या लगेज काउंटरला टाका आणि रिआल्तोच्या बाजारापर्यंत चालत जा, पाऊण तासाच्या आत पोचाल. मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो, तेव्हा बाजार शनिवारी सकाळीच. दुपारी एकच्या सुमारास पास टेकवा. संध्याकाळी पियाझाले रोमाहून (शहराच्या बसस्थानकाच्या चौकातून) १ नंबरच्या बोटीने सान मार्को या मुख्य चौकापर्यंत या. ही बोट ग्रँड कॅनॉलवर, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्यावर, जवळजवळ प्रत्येक धक्क्याला थांबते आणि पाऊण तास घेते, म्हणूनच ती घ्यायची. बाहेरची पुढची जागा मिळत नसेल तर ती बोट सोडा, पुढची लवकरच येते. रविवारी सकाळी लवकर फोंदामेंते नोवेच्या धक्क्याहून १२ नंबरने बुरानो बेटावर, पाऊण तास. परतीच्या बोटीत एकच्या आधी चढा. एवढं सगळं २५ युरोत बसतं.

६ ते २९ वयाच्या लोकांसाठी ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड मिळतं, ६ युरोला. त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोला, एकूण ३३. साध्या ४८ तासांच्या पासपेक्षाही स्वस्त. घड्याळ बघत फिरायचं नसेल तर सरळ हे घ्या.

पास असला तरी दर वेळी चढण्याआधी धक्क्यावरच्या मशीनला टेकवायचा. ‘पास आहे, पण टेकवला नाही’ हे तपासनीस ऐकून घेत नाही, दंड होतो.

कान्नारेज्जो_वाट
मुक्कामाबद्दल: मेस्त्रे स्वस्त आहे, ट्रेनने दहा-बारा मिनिटं. पण एकच रात्र असेल तर माझं मत बेटाकडे. दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते आणि रात्री नऊनंतर गल्ल्या मोकळ्या होतात. ते व्हेनिस मेस्त्रेत राहून हातचं जातं, कारण मध्यरात्रीनंतर ट्रेन जवळपास नसतात, पियाझाले रोमाहून रात्रीची बस धरावी लागते. तरीही मेस्त्रेच ठरलं तर स्थानिक ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात टाकून त्यावर शिक्का छापून घ्या.

बेटावर जागा शोधताना भाड्याइतकंच पूल मोजा. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. सांता लुचिया स्टेशनवरून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्या रस्ता लागतो. ग्युलिये पुलाच्या अलीकडची कुठलीही जागा म्हणजे एकही पूल नाही.

पत्ता वाचायची रीत वेगळी. घरनंबर गल्लीचा नसतो, अख्ख्या विभागाचा असतो. असे सहा विभाग. कास्तेल्लोत तर नंबर सहा हजारांच्या पुढे जातात. त्यामुळे यजमानाकडून नंबरासोबत गल्लीचं नाव आणि जवळचा धक्काही मागून घ्या. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींमुळे मोबाइलवरचा ठिपका सरकतो आणि गल्ली थेट पाण्यात संपते. तेव्हा भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बघा: ‘पेर रिआल्तो’ (रिआल्तोकडे), ‘पेर सान मार्को’, आणि स्टेशनसाठी ‘फेर्रोविया’.

हॉटेलचा शहर-कर माणशी, रात्रीप्रमाणे, बहुधा वेगळा द्यावा लागतो. एका दिवसाच्या पाहुण्यांवरचं प्रवेशशुल्क २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधल्या ५४ दिवसांनाच होतं. तुमच्या वर्षाच्या तारखा तेवढ्या बघून घ्या.

पासपोर्ट आणि जर्मन रहिवासी कार्ड, दोन्ही मूळ प्रती प्रत्येकाच्या खिशात हव्यात. परतताना जर्मन हद्दीवर ट्रेनमध्ये तपासणी होते, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

त्रागेत्तो
गोंडोल्यात जास्तीत जास्त पाच जण, तुम्ही सहा! म्हणजे दोन गोंडोले. अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर माणशी नाही, गोंडोल्याचा. दिवसा दोन मिळून १८०, म्हणजे डोईला ३० युरो. बसण्याआधी वेळ आणि मार्ग पक्का करा. नुसतं ‘बसून बघायचं’ असेल तर रिआल्तो बाजारासमोर, पलीकडच्या काठावरच्या सांता सोफिया घाटावरून त्रागेत्तो घ्या. गोंडोल्यासारखीच लाकडी होडी, दोन वल्हेकरी, ग्रँड कॅनॉलच्या या काठावरून त्या काठाला, २ युरो. सुटे पैसे हातात ठेवा.

शाकाहारी मंडळींनी दोन ठिकाणी जपावं. ‘बिगोली इन साल्सा’ हा पास्ता नुसता कांद्याचा वाटतो, त्यात अँचोव्ही मासळी विरघळवलेली असते. ‘मोझ्झारेल्ला इन कारोझ्झा’ या तळलेल्या सँडविचमध्येही इथे बहुतेकदा अँचोव्ही किंवा हॅम असतं, शिवाय ते अंड्यात बुडवतात. रिसोत्तो (भाताचा पदार्थ) मागवताना ‘ब्रोदो वेजेताले?’, म्हणजे ‘रस्सा भाज्यांचाच ना?’, असं विचारा, नाहीतर मांसाचा रस्सा असू शकतो. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, हेही ठाऊक असू द्या. मशरूमसोबत पोलेंता (मक्याच्या पिठाची लापशी) चालेल, वरचं चीज नको सांगून. आणि बारमध्ये उभ्याने खाल्लं तर स्वस्त, बसलात तर दर बदलतो.

सान_पोलो
पाण्याचं राहिलं. भरती ८०-८५ सेंमीच्या पुढे गेली की सान मार्को चौकात पाणी येतं. ते काठावरून येत नाही, फरशीतल्या गटारांच्या तोंडांतून वर येतं, आधी फरशीच्या सांध्यांत चमकतं, मग पसरतं. २०२० पासून मोसे या पूररोधक यंत्रणेचे ७८ दरवाजे खाडीच्या तीन मुखांवर उचलतात, पण साधारण ११० सेंमीचा अंदाज असेल तेव्हाच. म्हणून त्याखालच्या भरतीला चौक अजूनही ओला होतो. उंच फळ्यांची वाट टाकतात, तिच्यावर उभं राहून फोटो काढू नका, मागची रांग खोळंबते. रबरी बूट सोबत आणू नका, भरती आलीच तर दुकानांत स्वस्त प्लास्टिकचे मिळतात. पाणी काही तासांत उतरतं, तेवढा वेळ चौक सोडून कान्नारेज्जो या स्टेशनकडच्या विभागात फिरा.