मदत हवी आहे : सूज आणणारं कॅराजिनन दिलं तरी कंट्रोल गटातल्या निम्म्या उंदरांना नीट सूजच नाही

नमस्कार. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. निर्गुडीच्या पानांच्या अर्काने सूज कमी होते का, हे विस्टार जातीच्या उंदरांवर तपासतेय. आमच्याकडे गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, तिथूनच विषय सुचला. (माझा अर्क तोंडावाटे दिलाय, त्यामुळे त्या शेकाबद्दल यातून काहीच ठरणार नाही.)

पद्धत नेहमीचीच. चार गट, प्रत्येकी सहा उंदीर. कंट्रोलला (तुलनेसाठीचा, औषध न दिलेला गट) नुसतं ०.५% सीएमसी, म्हणजे औषध नसलेलं माध्यम, एका गटाला डायक्लोफेनॅक हे सुजेवरचं नेहमीचं औषध १० मिग्रॅ प्रतिकिलो, उरलेल्या दोन गटांना अर्क २०० आणि ४०० मिग्रॅ प्रतिकिलो. तासाभराने उजव्या मागच्या पंजाच्या तळव्यात १% कॅराजिनन, ०.१ मिली. मग पाच तास, दर तासाला प्लेथिस्मोमीटरवर (पंजा घोट्यापर्यंत द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजायचं यंत्र) रीडिंग.

कंट्रोल गटात तिसऱ्या तासाला पंजाची वाढ अशी आली, मिलीमध्ये : ०.६२, ०.५८, ०.२१, ०.६६, ०.१८, ०.३१. शरीरातल्या सूज आणणाऱ्या रसायनांपैकी सुरुवातीची सूज हिस्टामिन-सेरोटोनिनची असते आणि प्रोस्टाग्लँडिनचा जोर साधारण तिसऱ्या तासाला दिसतो, म्हणून माझं सगळं गणित याच रीडिंगवर आहे. ४०० च्या गटाची सरासरी ०.३० आहे. सहाही उंदीर धरले तर सूज ३०% कमी झाली असं निघतं. कमी सुजलेले तीन गाळले तर तोच आकडा ५२% होतो! मला ते तीन गाळायचा सल्ला मिळालाय. मन तयार होत नाही.

तिसऱ्या आणि पाचव्या उंदराच्या वेळी सुई बाहेर काढताना थेंब गळलेला मी पाहिला, वहीत तशी नोंद आहे. सहाव्याचं कारण कळत नाही. पण खरी काळजी वेगळीच आहे : अर्काच्या गटांत कुणाचा थेंब गळला का, हे मी लिहूनच ठेवलेलं नाही. तिथली कमी सूज अर्कामुळे की गळतीमुळे, कसं सांगू?

आणखी दोन शंका. कॅराजिनन मी त्याच दिवशी सकाळी सलाइनमध्ये ढवळलं होतं आणि सिरिंज भरताना त्यात बारीक गुठळ्या दिसत होत्या. शिवाय घोट्यावरची शाईची खूण दुसऱ्या-तिसऱ्या बुडवणीत फिकट झाली, म्हणजे पाय दर वेळी तेवढाच बुडाला याची खात्री नाही.

१९६२ पासून ही पद्धत जगभर चालतेय, तेव्हा चूक माझ्याच हाताची. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा :

द्रावण आदल्या रात्री करून भिजत ठेवता का? सुई किती नंबरची, आणि आत गेल्यावर किती वेळ धरून ठेवता? घोट्याची खूण कशाने करता?

आणि सगळ्यात महत्त्वाचं : फक्त कंट्रोल पुन्हा करून जुन्या गटांशी ताडणं मला चुकीचं वाटतं, दिवस वेगळा, द्रावण वेगळं. मग चारही गट पुन्हा करायचे तर इथिक्स कमिटीकडे आणखी २४ उंदीर मागावे लागतील. सुजलेला पाय वर धरून तीन पायांवर पिंजऱ्यात फिरणारा उंदीर मी पाच तास समोर बघितलाय, माझ्या कच्च्या हातापायी आणखी २४ नकोत. २०० चा गट सोडून १८ मध्ये भागेल का? आधी दोन-तीन उंदरांवर हात बसवून घेतला तर कमिटी मान्य करते का? अर्ज या महिन्याच्या शेवटी द्यायचाय, त्यात नेमका आकडा लिहावा लागेल.