कल्पना फुकट? मग रोरो बघा

कोणीतरी म्हटलंय की कल्पना फुकट असतात, खरी किंमत राबवण्याला. अर्धंच पटलं. आमची कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण झाली, बोगदे पूल सगळं उभं, तरी ट्रक आपले हायवेच्या वळणांवर घासतायत. मग १९९९ला रोरो (रोल-ऑन, रोल-ऑफ) सेवा आली, माल उतरवायचाच कशाला, अख्खा भरलेला ट्रकच वॅगनवर चढवा, रायगडातलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा. रूळ तेच, डोकं तेवढं नवीन!

कोलाडला उभं राहून बघितलंय मी, रॅम्पवरून एकामागून एक ट्रक वॅगनवर सरकत जातात, उंची आधीच मोजलेली, आणि ड्रायव्हर केबिनमध्येच पाय पसरून. एकाने तर आरशाला टॉवेल वाळत घातलेला, म्हणाला हायवेवरचा तो वळणांचा कशेडी घाट आता झोपेत पार होतो.