क्वार्टझाइटचं वय झिर्कॉनवरून : काय कळतं, काय नाही?

दगडधोंडे_सोलापूर
चित्रदुर्गाजवळच्या शिस्ट (पापुद्र्यांसारखा रूपांतरित खडक) पट्ट्यातल्या क्वार्टझाइटचा, म्हणजे तापून-दाबून बदललेल्या वालुकाश्माचा, साडेतीन किलोचा नमुना सोलापुरात आणलाय. आपल्याकडे पायाखाली सगळा बेसाल्ट, त्यामुळे हा प्रकार नवीन आहे. वाळू कधी साचली, कुठून आली, खडक कधी तापून बदलला, हे तिन्ही त्यातल्या झिर्कॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून कळेल का? कण सुटे कसे करायचे?

गाळवाळू
तिन्ही कळू शकतं, पण एका आकड्यातून नाही. झिर्कॉनमधल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून कणाचं वय निघतं. पण झिर्कॉन वाळूबरोबर वाहत आलेला, म्हणजे ते वय मूळ ग्रॅनाइटचं. सगळ्यात तरुण कण 300 कोटी वर्षांचा निघाला, तर वाळू त्यानंतर साचली, इतकंच म्हणता येतं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये 440 कोटी वर्षांचा कण मिळाला, पण तो खडक सुमारे 300 कोटींचाच! वाळू कधीच्या आधी साचली ही दुसरी मर्यादा हवी असेल तर क्वार्टझाइटला छेदून घुसलेल्या ग्रॅनाइटचा नमुनाही घ्या. तो नसेल तर काम अर्धंच राहतं.

आता कण. मुठीएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापासाठी बाजूला ठेवा. बाकीचं दळून 300 मायक्रॉनखालचं चाळा. जाळी नायलॉनची, प्रत्येक नमुन्याला नवी. क्रशरमध्ये आधी ग्रॅनाइट दळला असेल तर त्याचे कण तुमच्यात मिसळतात आणि नसलेलाच उगम दिसायला लागतो. मग परातीत पाणी घेऊन झारेकरी धुतात तसं हलक्या हाताने धुवा. क्वार्टझ काठावरून निघून जातो, तळाशी काळपट चंद्रकोर उरते. तिच्यातला मॅग्नेटाइट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने काढा. उरलेलं ब्रोमोफॉर्म या जड द्रवात (घनता 2.89) टाका, तेही फ्यूम हूडखालीच (विषारी वाफ ओढून घेणारी पेटी). झिर्कॉन 4.6 च्या वर, तो बुडतो.

कांतीमापक
यात भर घालतो. पुढच्या चुंबकी विभाजकावर प्रवाह फार वाढवू नका. युरेनियम जास्त असलेले, खराब झालेले कण चुंबकाकडे जातात आणि एखादा अख्खा वयोगट गळतो. सुंदर कण निवडून घेण्यानेही तेच होतं.

वय मोजायला लेसरने कणावर ठिपका जाळतात; त्याआधी कॅथोडोल्युमिनेसन्स चित्रं (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण चमकतो, त्याची) काढाच, ती वगळायची नाहीत. गाभ्यात कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसले तर तो मूळ ग्रॅनाइटचा. बाहेरची सपाट, बिनथरांची कड बहुधा खडक तापताना वाढलेली. तिचं थोरियम-युरेनियम गुणोत्तर बऱ्याचदा 0.1 च्या खाली असतं. कड 10 मायक्रॉनची आणि लेसरचा ठिपका 30 चा असेल तर दोघांची सरमिसळ होऊन मधलंच, निरर्थक वय येतं.

किमान 117 कण मोजा, म्हणजे 5 टक्क्यांचा गट सुटण्याची भीती फार उरत नाही. इतक्या जुन्या कणांना शिसे 207/206 चं, म्हणजे शिशाच्या दोन समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून निघणारं वय वापरा. युरेनियम-शिशाच्या वेगवेगळ्या गुणोत्तरांवरून निघणारी वयं 10 टक्क्यांहून जास्त विसंगत असतील तर ते कण सोडा. सर्वांत तरुण वय एका कणावर कधीच ठेवू नका, शिसं निसटलेलं असू शकतं. मोजमापातल्या त्रुटीच्या मर्यादेत जुळणारे निदान तीन कण हवेत.

दगडधोंडे_सोलापूर
आणि उगम? 300 कोटींचे ग्रॅनाइट तर अनेक ठिकाणी आहेत की ओ.

गाळवाळू
म्हणूनच त्याच ठिपक्याशेजारी झिर्कॉनमधल्या हाफ्नियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं गुणोत्तर मोजायचं. त्यावरून काढलेला एप्सिलॉन हा आकडा धन आला तर मॅग्मा मँटलमधून (कवचाखालच्या थरातून) नुकताच आलेला, ऋण आला तर जुनं कवच वितळून. वय सारखं असलं तरी इथे दोन प्रदेश वेगळे पडू शकतात. कण फार गोल असतील तर ते आधीच्या एखाद्या वालुकाश्मातून पुन्हा वाहिलेले असू शकतात, हेही तपासा.