शिलाँगला पहिल्यांदा गोल्फ खेळायला जातोय, काय तयारी करू?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मित्राच्या लग्नाला गुवाहाटीला जातोय. लग्नानंतर दोन दिवस हाताशी आहेत, तेव्हा शिलाँगला एक राउंड खेळायचा विचार आहे. हँडिकॅप २१, म्हणजे पारपेक्षा साधारण एकवीस फटके जास्त लागतात. सहा वर्षं खेळतोय, पण पुण्याबाहेर कधी खेळलो नाही. उंचीवर बॉल खूप लांब जातो म्हणतात, ते खरं का? पूर्ण बॅग न्यावी का? कुणी तिथे खेळलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सातारकर (निवृत्त, हवाई दल)
अप्पर शिलाँगला ईस्टर्न एअर कमांडमध्ये तीन वर्षं होतो. त्या काळात सुट्टीचा जवळजवळ प्रत्येक दिवस मी या कोर्सवर काढला, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

आधी बॉलचं. पुणे साडेपाचशे मीटरवर, शिलाँग साधारण पंधराशेवर. हवा विरळ, म्हणून बॉल थोडा पुढे जातो हे खरं, पण त्या भरवशावर क्लब निवडू नका. सकाळच्या गारठ्यात बॉल तेवढा उडत नाही, आणि पुण्याच्या कडक जमिनीवर टप्पा खाऊन जे वीस-तीस यार्ड फुकट मिळतात ते तिथे मिळत नाहीत. गवत राठ आणि दाट आहे, बॉल पडतो तिथेच बसतो. शिवाय चढ-उतार. एकशे चाळीस यार्डांवरचं ग्रीन (होलभोवतीचं गुळगुळीत गवत) चढावर असेल तर एकशे चाळीसचा क्लब पुरत नाही. पहिल्या महिन्यात माझे निम्मे शॉट आखूड पडले. मग बॅग उचलून सोबत चालणाऱ्या कॅडीने सांगितलेला क्लब निमूट हातात घ्यायला लागलो आणि खेळ सुधारला. तुमच्याकडे महिना नाही, एकच दिवस आहे, म्हणून पहिल्या फटक्यापासूनच त्याचं ऐका. पटिंगला, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे ढकलताना, तर नक्कीच. डोळ्यांना उजवीकडे उतार दिसतो आणि बॉल डावीकडे जातो, डोंगरात असं होतंच.

कॅडीला 'ए' म्हणून हाक मारू नका. खासी लोक पुरुषाला आदराने 'बाह' म्हणतात, बाईला 'काँग'. राउंड संपल्यावर 'खुब्लेई' म्हणा, म्हणजे धन्यवाद. कुणी क्वाय पुढे केला तर तो मान समजा. तो आपल्या पान-सुपारीसारखाच, पण ओली सुपारी सवय नसलेल्याला चढते, घाम फुटतो. खेळ संपल्यावरच खा.

आणि हो, या कोर्सला कुंपणातल्या क्लबची कळा नाही. १८९८ मध्ये नऊ होलचा झाला, १९२४ मध्ये अठरा. मधून रस्ते जातात, संध्याकाळी गावची माणसं फिरायला येतात, मुलं फुटबॉल खेळतात. माणूस दिसला की थांबा, तो गेला की मारा. मला त्या कोर्सचं हेच सगळ्यात आवडायचं.

शुभदा_माहीम
काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझ्याकडून दोन गोष्टी. तिथे सूर्य साडेचारच्या आसपास मावळतो. पायी अठरा होलना साडेचार तास धरले, तर अकरानंतर सुरुवात करूच नका. दुसरं, पाइनच्या वाळलेल्या सुयांवर पांढरा बॉल दिसतच नाही, पिवळे किंवा केशरी घ्या. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून झाडीत गेला असं वाटलं की लगेच प्रोव्हिजनल बॉल (पहिला हरवलाच तर धरायचा दुसरा) मारून ठेवा. सुया बाजूला करायची परवानगी आहे, पण तसं करताना बॉल हलला तर एक स्ट्रोक दंड.

मुळाकाठ
काका, ताई, खूप आभार. बॅगचं काय करू? गुवाहाटीहून शंभर किलोमीटर घाटरस्ता आहे.

सातारकर (निवृत्त, हवाई दल)
अर्धा संच पुरे: एक हायब्रिड, ५, ७, ९ नंबरचे आयर्न, सँड वेज आणि पुटर. ड्रायव्हर घरी ठेवा, झाडांच्या मधल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) सरळ मारलेला दोनशेचा शॉट बास. बूट मात्र स्वतःचेच, आणि एक जास्तीचा मोज्याचा जोड, सकाळी गवत दवाने भिजलेलं असतं. वेळ आणि फी आधी फोन करून विचारा.

मुळाकाठ
आलो खेळून! १०३ फटके झाले. पहिल्या चार होलना मी माझ्याच अंदाजाने क्लब घेतले आणि चारही वेळा ग्रीनच्या आधी राहिलो. पाचव्याला कॅडीच्या हातात बॅग दिली आणि म्हटलं, बाह, आता तुम्हीच काढा. त्याने नऊऐवजी जास्त लांब जाणारा सात नंबर काढला. बॉल ग्रीनवर. केशरी बॉल तीन हरवले, ताई, पांढरे नेले असते तर सगळेच गेले असते. काका, सव्वाचारला शेवटचा पट केला तेव्हा फेअरवेवर मुलांनी फुटबॉलसाठी दगडांचे गोलपोस्ट मांडले होते. क्वायही खाल्ला. कान तापले.