मदत हवी आहे: आइस हॉकीत मुलीला खेळायलाच मिळत नाही

मुलगी 12 वर्षांची आहे, आइस हॉकी जीव लावून खेळते. पण सामना अटीतटीचा झाला की तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये कोच ठरावीक मुलांनाच आलटून पालटून उतरवतात, बाकीची बाकावर. पॉवर प्लेला (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतो तेव्हा) तर समितीतल्या पालकांची मुलं ठरलेलीच. खर्च मात्र सगळ्यांना सारखा: रिंकचं भाडं, प्रवास, दर हंगामात लहान होणारे स्केट्स. या वयात बर्फावर उतरल्याशिवाय मूल शिकणार कसं? मला हे साफ चुकीचं वाटतं.

कोचशी बोलावं, तर राग तिच्यावर निघेल ही भीती. कुणी बोलून पाहिलंय का? नेमकं काय म्हणालात? हंगामाच्या मध्येच संघ बदलता येतो का? आणि वापरलेले स्केट्स घेताना पातं किती झिजलंय, हे कसं ओळखायचं?