कादंबरीतली उपमा, लक्षणा, प्रतीक ओळखायचं कसं? 'सारखा' दिसला की खूण करूलालोय

निपाणी_बीए
प्रकल्पासाठी एका कादंबरीतले अलंकार आणि निवेदनतंत्र दाखवायचं आहे. कथानक तंबाखूच्या वखारीतलं. 'सारखा', 'जसा', 'जणू' दिसलं की पेन्सिलीनं खूण करत सुटलोय. चाळीस पानांत साठेक खुणा झाल्या, निम्म्या चुकीच्या वाटताहेत. आणि प्रतिमा कुठं संपते, प्रतीक कुठं सुरू होतं तेही कळंना.

खानापूर_रोड
शब्दावर खूण करू नका. उपमेची चार अंगं असतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यवाचक शब्द. ती वाक्यात सापडतात का बघा. 'तो सारखा खोकत होता' यात 'सारखा' म्हणजे सतत. 'जसं सांगितलं तसं केलं' यातही उपमा नाही. 'पोरगा मामासारखा दिसतो' ही साधी तुलना, माणसाची माणसाशी. आता हे घ्या: 'मुकादमाला बघून त्याचा चेहरा पाणी मारलेल्या तंबाखूच्या पानासारखा मऊ पडला.' चेहरा उपमेय, पान उपमान, मऊ पडणं साधारण धर्म. शिवाय उपमान वखारीतलंच उचललंय, हे टिपणात लिहायचं. 'जणू' असेल तर बहुधा उत्प्रेक्षा, म्हणजे उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना.

खरं हातातून सुटतं ते असा शब्द नसलेलं. 'ऊन वखारीच्या दारात पाय पसरून बसलं होतं' ही चेतनगुणोक्ती, निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते. 'सगळी वखार संपावर गेली' ही लक्षणा: इमारत संपावर जात नाही, शब्दशः अर्थ अडतो, म्हणून 'वखारीतले कामगार' असा अर्थ घ्यावा लागतो. 'गंगायां घोषः' (गंगेत गवळीवाडा) या जुन्या संस्कृत उदाहरणात गवळीवाडा गंगेच्या काठावर समजायचा, तीच युक्ती. पण नुसतं 'लक्षणा' लिहून थांबू नका. हे वाक्य मालकाच्या तोंडी असेल तर शे-दोनशे बायकांची नावं एका शब्दात पुसली जातात. संपातल्या बाईच्या तोंडी असेल तर तोच शब्द एकजूट सांगतो.

डोंगराचा पायथा, घड्याळाचे काटे ही मेलेली रूपकं, वापरून वापरून त्यांतली तुलना कुणाला जाणवत नाही. वगळा. 'काटे रुतत होते' असं लेखकानं लिहिलं तर मात्र घ्या, त्यानं ती जिवंत केलीत.

चिकोडीवाचक
निवेदनाचं कुणी बोललं नाही. लेखक आणि निवेदक एक धरणं ही नेहमीची चूक. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मध्ये (1994) सांगणारा लंपन हा पोरगा आहे. त्याला न कळलेलं वाचकाला कळतं, गंमत तिथंच आहे. (त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण आपल्याच भागातल्या म्हणून सांगितलं.)

तृतीयपुरुषी कादंबरीत असा तुकडा शोधा: 'बापू दारात थांबला. आता मुकादम काय म्हणणार? म्हणू दे. उद्या बघू.' अवतरणचिन्ह नाही, 'त्याला वाटलं' नाही, तरी आवाज बापूचा. खूण काळाची: भूतकाळात चाललेलं निवेदन एकदम वर्तमान-भविष्यात जातं आणि 'दुसऱ्या दिवशी'च्या जागी 'उद्या' येतं.

कौलारू
प्रतीकाबद्दल. गळकं कौल एकदा आलं तर प्रतिमा. परत परत आलं तरी लगेच प्रतीक म्हणू नका, पावसाळ्यात कौलं गळतातच. प्रत्येक वेळचं पान आणि त्या वेळी काय घडतंय ते मांडा: बाप असताना गळतं, बाप गेल्यावर कुणी चढत नाही, शेवटी पोरगी शिडी लावते. कौलाचा अर्थ माणसांबरोबर बदलत गेला, म्हणून प्रतीक.

वहीत चार रकाने करा: पान, वाक्य, तंत्र, काम. चौथा भरण्यासाठी वाक्य साध्या भाषेत लिहून बघा. काहीच हरवलं नाही तर खूण खोडा. साठातल्या पंधरा उरल्या तरी भरपूर.

निपाणी_बीए
आभारी आहे सगळ्यांचा. एक राहिलं: पात्रं मध्येच कन्नड बोलतात, मराठीतही 'काय करूलालास' (काय करतोयस) म्हणतात. हा अलंकार धरायचा काय?

चिकोडीवाचक
अलंकार नव्हे, बोली. पण कोण कुणाशी कधी भाषा बदलतंय ते टिपा. घरात मराठी, कचेरीत कन्नड हे रोजचंच, त्यावर ओळ खर्च करू नका. भांडताना नवरा-बायको कन्नडवर गेली तर त्या पानावर थांबा.