चिखलात खेळू देणं म्हणजे आईबापांचा आळस?

रानजाई: परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "पोरांना चिखलात सोडणं हा आईबापांचा आळस. रंगच भरायचेत तर टॅबवर भरू द्या." डोकंच फिरलं. टॅबवर बोट फिरवून पेन्सिल धरायची ताकद येते का? कणीक तिंबताना, माती वळताना पंजा तयार होतो. पाणी जास्त झालं की गोळा बसतो, कमी पडलं की तडकतो, हे तीन वर्षांच्या पोराला हातानंच कळतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला पानं, बिया, शंखशिंपले घेऊनच पोरांना शिकवलं. त्या आळशी होत्या?

चिंचवडकर बाबा: कोसबाड नका सांगू. आमच्या बिल्डिंगखालच्या वाळूत मांजरं घाण करतात. पुतण्याला जंत झाले, ऊठसूट पोट दुखायचं. त्यात पाणी टँकरचं. कपडे धुवायचे कशात?

अंगणवाडीताई: जंतांची गोळी अंगणवाडीत फुकट मिळते. अल्बेंडाझोल, दोन वर्षांपुढे अख्खी ४०० मिलिग्रॅमची, एक ते दोन वर्षांच्या पोराला अर्धी. नखं कापा, साबणानं हात धुवा, पायात चप्पल घाला. मांजरं येतात ती वाळू झाकून ठेवा. खेळ कशाला बंद करता?

मधली सून: कपडे धुतं कोण, ते आधी बोला. आमच्याकडे बापलेक चिखल करतात, फोटो काढतात आणि डाग मी घासत बसते.

रानजाई: जुन्या चड्डी-बनियनवर सोडा, अंगणातच बादलीनं धुवा.

मधली सून: तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं?

गडवेडा: ते सोडा, दिवाळीच्या किल्ल्याचं काय? प्लास्टरचा तयार किल्ला आणून ठेवणारे आईबाप बघितले की तळपायाची आग मस्तकात जाते. विटा रचायच्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर टाकायचं, अळीव पेरायचे, उगवले की मावळे मांडायचे. हे पोरांचं काम आहे!

चिंचवडकर बाबा: फ्लॅटमध्ये लाल माती आणायची कुठून? नर्सरीतून, पैसे मोजून?

गडवेडा: मोजा की! तयार किल्ल्याला मोजता ना? बुरूज ढासळला की पोरं भांडतात, एकमेकांवर ढकलतात, मग पुन्हा रचतात. विकतच्या किल्ल्यात यातलं काय होतं?

अंगणवाडीताई: प्लास्टर पोरांना कालवायला तर मुळीच देऊ नका. घट्ट होताना तापतं, हात भाजतो. शाडूही ओला करूनच द्या, भुकटी नाकात जाते.

चिंचवडकर बाबा: बरं, किल्ला करू. बाल्कनीत, परातीत. पण त्या वाळूत पोरगं जाणार नाही म्हणजे नाही.

मधली सून: आणि परात कोण घासणार, तेही आत्ताच ठरवा.